बायबलमधली कोणती वचनं लोक सर्रास चुकीच्या अर्थानं वापरतात? आणि "संदर्भ बघून वाचा" म्हणजे नेमकं काय करायचं?

माझ्या मते सगळ्यात जास्त यिर्मया 29:11, म्हणजे यिर्मया या पुस्तकातल्या 29व्या अध्यायाचं 11वं वचन. तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात, पण दोन्हीचं उत्तर या एका वचनात मिळतं म्हणून यावरच जरा जास्त लिहितो.

आमच्याकडं कोल्हापुरात 31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेनंतर वचनाची कार्डं वाटतात, त्यात हे हमखास असतं, कॅलेंडरवर असतं, दहावी-बारावीच्या पोरांच्या स्टेटसला असतं: तुमच्याविषयीचे माझे संकल्प मी जाणतो, ते हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. वाचून बरं वाटतंच. पण आमच्या बुधवारच्या अभ्यासाला एक मुलगी येते, तिची नीटची दुसरी अटेम्प्ट गेली, आणि परीक्षेच्या आधी चर्चमधल्या काकूंनी हेच वचन देऊन "तुझं काम झालंच समज" म्हणून सांगितलेलं. निकाल लागल्यावर तिनं विचारलं, मग ते वचन माझ्यासाठी नव्हतंच का, का माझा विश्वास कमी पडला? मला याचा लई त्रास होतो. वचन देणारा देऊन मोकळा होतो आणि ओझं पोरीच्या डोक्यावर राहतं.

त्या दिवशी ठरलेला पाठ बाजूला ठेवून आम्ही 28 आणि 29 अध्याय मोठ्यानं वाचून काढले. 29वा अध्याय हे पत्र आहे. इ.स.पू. 597 च्या सुमारास बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर यानं यरुशलेमातून राजा, सरदार, कारागीर, लोहार असे लोक धरून बाबेलला नेले, त्यांना यिर्मया संदेष्ट्यानं यरुशलेमहून धाडलेलं पत्र. आणि आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांच्या देखत सांगतो की 2 वर्षांत सगळे परत येणार, आणि यिर्मयानं बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून मानेवर घातलेलं लाकडी जू काढून मोडून टाकतो. दोघंही देवाच्या नावानं बोलतायत हे लक्षात घ्या. आता यिर्मया काय लिहितो बघा: घरं बांधून राहा, मळे लावा, पोराबाळांची लग्नं करा, ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. मग 10व्या वचनात येतं 70 वर्षं, आणि त्यानंतर हे आपलं 11वं. म्हणजे ज्यांच्या हातात ते पत्र पडलं त्यातल्या बहुतेकांना माती बाबेलातच मिळणार होती, गावी परतणार ती त्यांची नातवंडं. त्यामुळं 11वं वचन एकटंच काढून "लवकरच होतंय बघ" म्हणून कुणाला देणं म्हणजे यिर्मयाच्या सहीनं हनन्याचा निरोप पोचवणं आहे.

मग हे वचन आपल्यासाठी नाहीच का? आहे की. जो देव त्या लोकांना परक्या मुलखात विसरला नाही तोच आपला देव आहे, पण त्यानं तारीख आपल्या हातात दिलेली नाही आणि मधल्या काळात घर बांधायला सांगितलंय. त्या मुलीनं 5, 6, 7 ही वचनं परत एकदा वाचली आणि म्हणाली, म्हणजे आत्ता बीएस्सीला अ‍ॅडमिशन घेतलं तरी चालतंय की. चालतंयच.

दुसरं फिलिप्पै 4:13, मला सामर्थ्य देणाऱ्याच्या द्वारे मी सर्वकाही करू शकतो. जिमच्या भिंतीवर, बाईकच्या मागं, आमच्यातला एक पोरगा तालमीत जातो त्याच्या टी-शर्टवर पण हेच. प्रेषित पौल हे कैदेतून लिहितोय, फिलिप्पैच्या मंडळीनं एपफ्रदीताच्या हाती मदत पाठवली त्याबद्दल आभार मानताना, आणि लगेच आधीच्या वचनात म्हणतो की पोट भरलेलं असताना कसं राहायचं आणि उपाशी कसं राहायचं हे दोन्ही मी शिकलोय. म्हणजे "सर्वकाही" मध्ये उपाशी राहणं पण आलं. कुस्ती मारणाऱ्यापेक्षा चितपट होऊन दुसऱ्या दिवशी पहाटे परत तालमीत येणाऱ्याला हे वचन जास्त लागू पडतं असं मी त्या पोराला सांगितलं, त्याला पटलं का नाही माहीत नाही.

मत्तय 18:20 तर प्रार्थनेला माणसं कमी आली की ऐकायला मिळतंच, दोघं-तिघं जमले तरी प्रभू मध्ये आहे. अहो, एकटा माणूस दार लावून बसला तरी बाप ऐकतो, हे मत्तयातच 6:6 ला आहे. 18:15 पासून वाचा, तिथं विषय चाललाय भावानं अपराध केला तर आधी एकांतात त्याच्याशी बोल, ऐकलं नाही तर एक-दोघांना साक्षीला घे, मग मंडळीला सांग. भांडण मिटवायला बसलेल्या लोकांना दिलेला हा शब्द आहे. आमच्या मंडळ्यांमध्ये कमिटीवरून, जागेवरून, निवडणुकीवरून जे काय चालतं ते बघता हे वचन तिथं वाचायला पाहिजे आणि तिथंच कुणी वाचत नाही.

आणि स्तोत्र 91, देव संकटातून राखतो असं सांगणारं. 2019 च्या महापुरात शिरोळकडच्या ओळखीच्या एक आज्जी घर सोडायला तयार नव्हत्या, दारावर हे स्तोत्र लावलंय, मला काही होत नाही म्हणायच्या. पाणी उंबऱ्याला लागल्यावर शेवटी पोरांनी उचलूनच बोटीत बसवलं. त्यांच्या विश्वासाला मी नावं ठेवणार नाही, पण लूक 4 काढून बघा, येशूला मंदिराच्या शिखरावर उभं करून "खाली उडी टाक, देवदूत झेलतील" म्हणताना सैतान हेच स्तोत्र तोंडपाठ म्हणून दाखवतो. त्यावर येशू जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकातलं वचन देतो, तुझा देव परमेश्वर ह्याची परीक्षा पाहू नको. एक वचन दुसऱ्या वचनाशेजारी ठेवून वाचायचं असतं हे खुद्द प्रभूनं करून दाखवलंय, त्यामुळं संदर्भ बघणं म्हणजे विश्वास कमी असणं असं कुणी म्हणालं तर मला ते अजिबात मान्य नाही.

आता करायचं काय. हे वचनांचे आकडे मुळात नव्हतेच. अध्याय पडले 13व्या शतकात, इंग्लंडचे आर्चबिशप स्टीफन लँग्टन यांनी पाडले असं मानतात, आणि नव्या करारातले आजचे वचनांचे आकडे रोबेर एस्तिएन या मुद्रकाच्या 1551 च्या छापील प्रतीपासून. शोधायला सोयीचे आहेत, पण पौलानं काही आकडे टाकून पत्र लिहिलं नव्हतं. म्हणून कुणी एखादं वचन पाठवलं की फॉरवर्ड करायच्या आधी बायबल उघडून तो अख्खा अध्याय वाचा आणि हे कोण कुणाला, कुठल्या परिस्थितीत म्हणतंय एवढं शोधा, बहुतेक वेळा उत्तर त्याच पानावर असतं. सुरुवात फिलिप्पैच्या पत्रानं करा, चारच अध्याय आहेत, एका बैठकीत मोठ्यानं वाचून होतं. नंतर यिर्मया 27 ते 29 सलग. टीपा, कॉमेंटरी, यूट्यूबवरची प्रवचनं हे सगळं त्याच्यानंतर.