बायकोला आमवात आहे. तिला दुखेल म्हणून मी दीड वर्ष लांब राहिलो. आता पुन्हा जवळीक कशी सुरू करू?

मी तुमच्या बायकोच्या जागी आहे, म्हणून लिहितेय. मला ३१व्या वर्षी आमवात निघाला. आधी बोटं, मनगटं, मग गुडघे. एका रात्री माझा हात नवऱ्याच्या कोपराखाली सापडला आणि मी किंचाळले. दुसऱ्या दिवसापासून तो बाहेरच्या खोलीत झोपायला लागला. म्हणे, "तुला नीट झोप लागू दे."

मला वाटलं, सुजलेली बोटं, स्टेरॉइडनं गोल झालेला चेहरा, ह्याला मी आता नकोशी झाले. दहा महिने तो मला जपत होता आणि मी भिंतीकडे तोंड करून रडत होते. गोळ्यांच्या वेळा त्याला पाठ होत्या. पण हात लावायचा तो फक्त मला उठवून बसवायला. शेवटी मीच उशी उचलून त्याच्या खोलीत गेले. तो आजही म्हणतो, "काळजीपोटीच केलं ना?" मी आजही म्हणते, मला विचारायचं होतंस. काय झेपतं ते मला कळतं, सांधे माझे आहेत.

तुम्हीही दीड वर्ष तेच केलंत. आधी तिच्यापाशी हे कबूल करा.

बाकीचं जमतं. सकाळी सांधे आखडलेले असतात, तेव्हा नकोच. आम्ही सुट्टीच्या दिवशी दुपारची वेळ धरतो. आधी गरम पाण्यानं आंघोळ, डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी तासभर आधी. कुशीवर झोपून, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन, मनगटांवर भार न देता. ती "थांब" म्हणाली की थांबायचं, पण उठून जायचं नाही, तिथेच तिच्याजवळ पडून राहायचं. माझ्या नवऱ्याला हे शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागला. ह्या आजारात काहींना कोरडेपणा येतो, मलाही आला. त्यासाठी पाण्यात विरघळणारं जेल घ्या. तेलानं, व्हॅसलिननं कंडोम फाटतो.

हो, मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं औषध तिला चालू असेल तर दिवस राहू देऊ नका, गर्भाला धोका असतो. मूल हवं असेल तर औषध आधी डॉक्टरांना विचारून बदलावं लागतं. मी समोर बसलेली असताना माझ्या डॉक्टरांनी हे नवऱ्याला सांगितलं होतं! तुम्ही दोघं मिळून जा, आणि बोलू तिला द्या.

सांधे लाल, गरम असतील त्या दिवसांत नुसतं जवळ घ्या. थकव्यानं तिला काहीच नको वाटेल, असंही होईल. तरी तिनं स्वतः सांगितल्याशिवाय खोली बदलू नका.