एमएमओआरपीजीमध्ये वर्षानुवर्षे रमण्यासारखे नेमके काय असते?

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: एकट्याने खेळायच्या गेमची सवय असलेल्या माणसाला एमएमओआरपीजीमध्ये, म्हणजे हजारो लोक इंटरनेटवरून एकाच जगात आपापले पात्र घेऊन खेळतात अशा गेममध्ये, वेगळे काय मिळते, लोक त्यात वर्षानुवर्षे कसे रमतात, आणि जुन्याजाणत्या खेळाडूंच्या गर्दीत इतक्या उशिरा शिरण्यात काही अर्थ आहे का. मी २००५ साली ब्राउझरमध्ये चालणाऱ्या रूनस्केपपासून सुरुवात केली, २००७ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये आले, मधली दीडेक वर्षे ईव्ह ऑनलाइनमध्ये काढली आणि आता फायनल फँटसी फोर्टीनमध्ये आठवड्यातल्या दोन संध्याकाळी घालवते. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ते एका खेळाडूचे मत आहे, आणि ते बरेचसे हीलरच्या, म्हणजे साथीदारांना बरे करत राहणाऱ्या खेळाडूच्या, जागेवरून पाहिलेले आहे.

आधी उणिवा सांगते, कारण एकट्याने खेळायचे चांगले गेम खेळून आलेल्या माणसाच्या डोळ्यांत त्याच पहिल्यांदा भरतात. या गेममधली लढाई संथ असते. वॉरक्राफ्टमध्ये एक मंत्र टाकल्यावर दुसरा टाकण्यापूर्वी साधारण दीड सेकंद थांबावे लागते आणि फायनल फँटसी फोर्टीनमध्ये तर ही मुदत मुळात अडीच सेकंदांची आहे. एकाच सर्व्हरवर हजारो माणसे असताना आणि प्रत्येकाच्या इंटरनेटची गती निराळी असताना, ज्याचा पिंग (सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन यायला लागणारा वेळ) वाईट आहे त्यालाही खेळता यावे, याची सोय अशा थांब्यांमुळे आपोआप होते. पण हे कारण माहीत असल्याने कंटाळा कमी होतो असे नाही. कथेचे तर विचारूच नका. गावचा मुखिया आपल्याला सांगतो की जगाला वाचवणारा वीर तुम्हीच, आणि मागे वळून पाहावे तर तसेच पन्नास वीर घोड्यांवरून, ड्रॅगनवरून, एखाद्या वेळी महाकाय कोंबडीवर बसून त्याच मुखियाभोवती दाटी करून उभे असतात. शिवाय दहा रानडुकरे मारून या, बारा कातडी आणून द्या, असली कामे शेकड्याने करावी लागतात. लढाई, कथा किंवा देखावे यांसाठीच कोणी या प्रकाराकडे येणार असेल, तर त्याने येऊ नये असे मी स्पष्टपणे सांगेन.

मग उरते काय? माझ्या मते उरते ती गरज. अनोळखी माणसांना आपली गरज पडते आणि आपल्याला त्यांची, आणि ही गरज नुसत्या सौजन्यातून आलेली नसते, ती खेळाच्या रचनेतच गुंफलेली असते. टँक मार झेलतो, हीलर त्याला जिवंत ठेवतो आणि उरलेले शत्रूला मारतात. यांतला एक जण जरी नसला तरी इतरांचे सगळे कौशल्य फुकट जाते.

हे मला कळले ते काराझानमध्ये. वॉरक्राफ्टच्या बर्निंग क्रुसेड या २००७ च्या विस्तारात आलेली ती दहा जणांची रेड, म्हणजे गटाने मिळून करायची मोठी मोहीम, होती. त्यात शेड ऑफ एरान नावाचा एक जादूगार आहे. तो लढाईच्या मध्येच दोनतीन खेळाडूंभोवती आगीचे कडे उभे करतो, आणि ते कडे कोणी ओलांडले की स्फोट होऊन बहुधा सगळा गट आडवा होतो. उपाय एकच: वीस सेकंद कोणी जागचे हलायचे नाही. ऐकायला हे हास्यास्पद वाटेल, पण आमच्या गटाला ते साधायला तीन आठवडे लागले. आगीपासून पळायचे हे बोटांच्या इतके अंगवळणी पडलेले असते की मेंदूने थांब म्हणेपर्यंत बोटाने कळ दाबलेली असते. दर वेळी कोणीतरी एक हलत असे, सगळे मरत असत, आणि मग स्मशानातून पुन्हा किल्ल्यापर्यंतची ती लांबलचक धाव. चौथ्या आठवड्यात एका रात्री कडे पेटले, व्हॉइस चॅटवर एकदम शांतता पसरली, आणि दहा देशांतल्या नसली तरी दहा घरांतल्या दहा माणसांनी कीबोर्डवरून हात उचलून धरले. आगीतून सगळे जिवंत बाहेर आलो, तेव्हा झालेला आरडाओरडा मला अजून आठवतो. व्हॉइस चॅटवर मी तोंड उघडले तेही त्याच रात्री पहिल्यांदा. तोपर्यंत मी केवळ टाइप करत असल्याने सगळ्यांनी मला पुरुष धरले होते, आणि माझा आवाज ऐकल्यावर पडलेली शांतता आगीच्या वेळच्या शांततेपेक्षा थोडी मोठीच होती.

एकट्याने खेळायच्या गेममध्ये मी याहून कितीतरी अवघड शत्रू हरवले आहेत, पण तिथे चूक माझी असते आणि किंमतही मीच मोजते. इथे माझ्या एका बोटावर नऊ माणसांची संध्याकाळ अवलंबून होती, हा फरक लहान नाही.

पूर्वी ही गरज याहूनही कडक होती. १९९९ च्या एव्हरक्वेस्टमध्ये पात्र मेले की त्याचे सामान प्रेताजवळच राहत असे, कमावलेला अनुभवही काही प्रमाणात वजा होत असे, आणि उघड्या हाताने त्या प्रेतापर्यंत पोहोचायचे तर बहुतेक वेळा दुसऱ्याची मदत मागावी लागे. पुढच्या खेळांनी हा जाच हळूहळू काढून टाकला. वॉरक्राफ्टमध्ये डिसेंबर २००९ मध्ये डन्जन (छोट्या गटाने पार करायची, शत्रूंनी भरलेली जागा) फाइंडर आला: एक बटण दाबायचे आणि वेगवेगळ्या सर्व्हरवरचे पाच जण आपोआप एकत्र येणार, थेट डन्जनच्या दारात. त्याआधी सर्व्हरवर प्रत्येकाची पत असे. अमुक टँक संयमी आहे, तमुक जण लूट घेऊन पळतो, हे महिन्याभरात सगळ्यांना ठाऊक होई. फाइंडर आल्यावर, जो पुन्हा कधी भेटणार नाही त्याच्याशी नीट वागायचे कारणच उरले नाही. पाच जण एकही शब्द न बोलता अर्ध्या तासात काम उरकून निघून जाऊ लागले. ही सोय म्हणजे या प्रकाराच्या मुळावर घातलेला घाव होता, असे माझे मत आहे. मात्र प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की फाइंडर येण्यापूर्वी शहराच्या चौकात उभे राहून तासभर ‘टँक हवा’ असे ओरडण्यात मी कित्येक संध्याकाळी वाया घालवल्या आहेत, आणि आज मीही ते बटण दाबते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये वॉरक्राफ्टची जुनी आवृत्ती क्लासिक या नावाने पुन्हा उघडली, तेव्हा मोठ्या आशेने परतले. नियम जुनेच होते, पण माणसे बदलली होती. प्रत्येक शत्रूची उत्तरे आधीच पाठ, प्रत्येक शस्त्राचा हिशेब आधीच मांडलेला, आणि जो त्या हिशेबात बसत नाही त्याला गटात जागा नाही. तेव्हा केवळ गैरसोय परत आणली म्हणून आपलेपणा परत येत नाही, हेही तिथेच शिकले.

ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या जहाजांच्या गेममध्ये ही गरज उलट्या बाजूने दिसते. तिथे मे २००३ पासून बहुतेक सगळे खेळाडू एकाच विश्वात आहेत आणि नष्ट झालेले जहाज कायमचे जाते. २०१४ च्या जानेवारीत तिथे बी-आर फाइव्ह आर बी नावाच्या तारामंडळात एकवीस तासांच्या आसपास चाललेली लढाई झाली. एका युतीकडून त्या मंडळाच्या ताब्याचे शुल्क भरायचे राहून गेले, एवढेच तिचे निमित्त. हजारो खेळाडू जमल्याने सर्व्हरने खेळातला काळ मूळ गतीच्या एक दशांशावर आणला, आणि टायटन या सर्वांत मोठ्या वर्गातली पंचाहत्तर जहाजे नष्ट झाली. असले एकेक जहाज बांधायला कित्येक माणसांचे कित्येक महिने जातात. मी अशा कोणत्याच युद्धात नव्हते. मी नुसती माल वाहून नेणारी एक साधी व्यापारी होते. एका तारामंडळातून दुसऱ्यात नेणाऱ्या फाटकावर दबा धरून बसलेल्या लुटारूने माझे सगळे भांडवल असलेले जहाज उडवले आणि नंतर सविस्तर पत्र लिहून कळवले की मी कोणता रस्ता टाळायला हवा होता, एका जहाजात एवढा माल का भरू नये, आणि पुढच्या वेळी पुढे एखादा टेहळ्या का पाठवावा. त्याचा सल्ला अगदी बरोबर होता. तरीही माझा स्वभाव त्या जगाचा नाही, हे मान्य करून मी निघाले.

आता काळी बाजू. गरज माणसांना बांधते तशी जखडतेही. रेडच्या रात्री ठरलेल्या असतात. हीलर आला नाही तर नऊ जण खोळंबतात, म्हणून ताप असतानाही मी खेळले आहे, आणि त्याचा मला अभिमान नाही. लुटीच्या वाटपासाठी आमच्या गिल्डमध्ये, म्हणजे नेहमी एकत्र खेळणाऱ्यांच्या संघात, डीकेपी (ड्रॅगन किल पॉइंट्स) ही पद्धत होती: हजेरीबद्दल गुण मिळवायचे आणि वस्तू घेताना ते खर्च करायचे. नाव एव्हरक्वेस्टच्या काळात ड्रॅगन मारण्यावरून पडले. म्हणजे खेळात हजेरीपट आणि जमाखर्च दोन्ही आले. पुढे नेत्यांनी गुण बाजूला ठेवून एक दुर्मीळ ढाल आपल्या मित्राला दिली, आणि दोन वर्षे एकत्र असलेली चाळीसेक माणसे एका आठवड्यात पांगली. त्यांतल्या दोघांशी माझा आजही संपर्क आहे. बाकीच्यांची खरी नावेही मला कधी कळली नव्हती.

वेळ खाण्याच्या बाबतीत हे खेळ किती हुशार असतात याचे एक उदाहरण देते. वॉरक्राफ्टच्या चाचणीच्या काळात फार वेळ खेळणाऱ्याला मिळणारा अनुभव निम्मा होत असे. खेळाडूंना हा दंड वाटला आणि ते चिडले. मग निम्म्याला सामान्य म्हटले गेले, पूर्वीच्या सामान्याला विश्रांतीचे दुप्पट बक्षीस म्हटले गेले, आणि तेच खेळाडू खूश झाले. आकड्यांचे एकमेकांशी प्रमाण तेच होते. रोजची कामे, मर्यादित काळासाठी मिळणारी वस्त्रे, हंगाम संपताच हातची जाणारी बक्षिसे, हे सगळे याच जातीचे शहाणपण आहे. त्यामुळे आपल्या संध्याकाळी आपणच आधी ठरवाव्यात.

उशीर झाल्याची भीती मात्र बाळगू नका. गिल्ड वॉर्स टू हा २०१२ चा गेम, पण त्यात सर्वोच्च लेव्हल पहिल्या दिवसापासून ऐंशीच आहे, मासिक वर्गणी नाही, आणि जुन्या खेळाडूंची लेव्हल सुरुवातीच्या प्रदेशात आपोआप उतरवली जाते. ओल्ड स्कूल रूनस्केपमध्ये २००७ चे जग जपून ठेवले आहे आणि मोठे बदल खेळाडूंच्या मतदानाने होतात. एकट्याने, सावकाश खेळणाऱ्याला ते मानवेल. खेळ बंद पडण्याचा धोका खरा आहे. स्टार वॉर्स गॅलेक्सीज २०११ मध्ये आणि सिटी ऑफ हीरोज २०१२ मध्ये मूळ चालकांनी बंद केले, आणि त्यांबरोबर तिथली घरे, गावे, ओळखी गेल्या. दुसऱ्या टोकाला फायनल फँटसी फोर्टीन आहे. २०१० मध्ये तो इतका फसला की २०१२ च्या अखेरीस बनवणाऱ्यांनी चंद्र कोसळवून ते जगच कथेत संपवले आणि २०१३ मध्ये नव्याने उभे केले.

आपल्याला मी हा फायनल फँटसी फोर्टीनच सुचवेन. विनामूल्य चाचणीत सत्तराव्या लेव्हलपर्यंत वेळेच्या बंधनाशिवाय खेळता येते. मात्र तिच्यात बाजारात व्यवहार करता येत नाही आणि गिल्डमध्येही जाता येत नाही. म्हणजे मी ज्याचे एवढे गुणगान केले तेच नेमके वगळलेले आहे. तरी डन्जनमध्ये शिरता येते, आणि तिथे जायचे तर हीलर किंवा टँक होऊन जा, कारण तुटवडा बहुधा त्यांचाच असतो. नव्या खेळाडूच्या नावापुढे तिथे एक कोवळा अंकुर दिसतो, आणि एखादे डन्जन गटातला कोणी पहिल्यांदाच करत असेल तर इतरांना जास्तीचे बक्षीस मिळते. म्हणून आत गेल्यावर पहिल्याच ओळीत मी नवीन आहे असे लिहा. त्यांच्यातल्या कोणाला तरी ते बक्षीस हवेच असते.