साथ कोणाची, व्हायोलिनची की पियानोची?

प्रश्न: कार्यक्रमपत्रिकेत मोझार्टची रचना ‘व्हायोलिन सोनाटा, पियानोच्या साथीने’ अशी छापावी का? ‘की-बोर्ड’ला मराठीत काय म्हणावे?

‘साथ’ हा शब्द चालेल, पण इथे तो उलट्या वाद्याला चिकटला आहे. मोझार्टचे सहा सोनाटे (सोनाटा म्हणजे एक-दोन वाद्यांसाठीची, अनेक भागांची रचना) १७७८ साली पॅरिसला सीबेर या प्रकाशकाने छापले. मोझार्टच्या रचनांच्या सूचीत त्यांचे क्रमांक के. ३०१ ते ३०६. त्यांच्या फ्रेंच शीर्षकाचा अर्थ ‘हार्पसिकॉर्ड किंवा फोर्टेपियानोसाठी सहा सोनाटे, व्हायोलिनच्या साथीसह’ असा होतो. (हार्पसिकॉर्ड हे पियानोच्या आधीचे कळांचे वाद्य, फोर्टेपियानो म्हणजे सुरुवातीचा पियानो.) १७६४ मध्ये, आठ वर्षांच्या मोझार्टचे के. ६ आणि ७ छापले गेले तेव्हा तर ‘व्हायोलिनच्या साथीने वाजवता येतील असे’ म्हटले होते. व्हायोलिनवाला आलाच नाही तरी अडायला नको!

याला कारण वाद्यांचे. हार्पसिकॉर्डची तार पिसाच्या नखीने छेडली जाते; कळ जोराने दाबली म्हणून आवाज वाढत नाही आणि स्वर चटकन विरतो. व्हायोलिन तो स्वर लांबवते, उजव्या हाताच्या चालीखाली तिसऱ्या किंवा सहाव्या स्वराच्या अंतराने चालते, मधूनच पोकळी भरते. म्हणून ही साथ आपल्या पेटीच्या साथीसारखी गायकामागून जाणारी समजू नये. इथे ती आधीच लिहून ठेवलेली असते.

मात्र १७७८ च्या संचात शीर्षक जुने आणि संगीत पुढे गेलेले आहे. के. ३०१ ची पहिली चाल व्हायोलिनच धरते, पियानो खाली साथीचे स्वर एकेक सुटे करून वाजवत राहतो. मग तीच चाल पियानोकडे जाते आणि व्हायोलिन मागे सरते. ई मायनर या स्वरसप्तकातल्या के. ३०४ ची सुरुवात दोघे मिळून एकाच चालीने करतात. इथे व्हायोलिन काढले तर रचना लंगडी पडते. बाखच्या सहा सोनाट्यांत (बाखच्या रचनासूचीत बीडब्ल्यूव्ही १०१४ ते १०१९) तर हार्पसिकॉर्डचा उजवा हात आणि व्हायोलिन बरोबरीचे, डावा हात खर्जाचा. तिथे ‘साथ’ म्हणणे सरळ चूक.

‘पियानोची साथ’ छापले की वादकही तसेच वागतात. पियानोवाला दबकतो, व्हायोलिनवाला साध्या पूरक स्वरांनाही एकल वादनाचा जोर देतो आणि मुख्य चाल झाकली जाते.

तेव्हा ‘पियानो आणि व्हायोलिनसाठी सोनाटा, ई मायनर, के. ३०४’ असे छापा, पियानो आधी. ‘की-बोर्ड’ नको, वाचकाच्या डोळ्यांपुढे सिंथेसायझर येतो. ‘कळफलक’ संगणकाने पळवला आहे आणि ‘पट्टी’ म्हटले की काळी दोन आठवते. वाद्याचे नावच लिहावे. सोनाटा पुल्लिंगी, ‘सोफ्याचा’ तसे ‘सोनाट्याचा’, अनेकवचन ‘सोनाटे’. ‘सोनाटाज’ नको.