ट्रेलरच्या टायरचा दाब दाखवणारी यंत्रणा सारखे अलार्म देत असेल, तर ती बदलावी का?

आपण लिहिले आहे की फिनिक्सला राहून आपण एक जुना, दोन ॲक्सलचा ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचे फिरते घर) घेतला, त्याच्या 80 पीएसआयच्या (दर चौरस इंचाला 80 पौंड दाबाच्या) चारही टायरांना व्हॉल्व्हच्या टोपीच्या जागी बसणारे सेन्सर लावले, आणि आता फ्लॅगस्टाफला पहाटे हवा कमी असल्याचा अलार्म वाजतो, दुपारी महामार्गावर हवा जास्त झाल्याचा वाजतो, शिवाय मागच्या दोन चाकांचे आकडे मधूनच पडद्यावरून गायब होतात. मीही ॲरिझोनातच ट्रेलर ओढतो, त्यामुळे हा रस्ता आणि ही तक्रार दोन्ही ओळखीची आहेत. पहिल्या दोन अलार्ममध्ये यंत्रणेचा काहीही दोष दिसत नाही. तिसऱ्या तक्रारीतही तो बहुधा नसावा. म्हणून नवा संच घेण्याची घाई करू नये.

आधी हिशेब पाहू. फिनिक्स समुद्रसपाटीपासून सुमारे 1,100 फुटांवर आहे आणि फ्लॅगस्टाफ सुमारे 6,900 फुटांवर. उन्हाळ्यात फिनिक्सच्या पहाटे 90 अंश फॅरनहाइटला आपण टायरमध्ये बरोबर 80 पीएसआय हवा भरली आणि दुसऱ्या पहाटे फ्लॅगस्टाफला तापमान 50 अंश असले, तर केवळ थंडीमुळे दाब 73 च्या आसपास उतरायला हवा. परंतु उंचीवर बाहेरच्या हवेचा दाबही कमी होतो आणि गेज या दोहोंमधला फरक दाखवतो, त्यामुळे सुमारे तीन पीएसआय परत मिळतात आणि आकडा 76 च्या जवळ स्थिरावतो. टायरमधून हवेचा एक बुडबुडाही बाहेर गेलेला नसताना चार पीएसआय कमी दिसणे हे असे अगदी स्वाभाविक आहे. आपला खालचा अलार्म 76 किंवा 77 वर लावलेला असेल, तर तो वाजणारच.

दुपारी याच्या उलट घडते. तापलेला डांबरी रस्ता, भरलेला ट्रेलर आणि फ्लॅगस्टाफच्या वाटेवरचा ब्लॅक कॅनियन सिटीनंतरचा लांबलचक चढ यांमुळे टायरमधली हवा 140 ते 160 अंशांपर्यंत तापली, तर दाब 88 ते 92 होतो आणि उंचीचे दोन-तीन पीएसआय त्यात मिळतात. म्हणून थंड टायरच्या दाबापेक्षा 10 टक्के खाली, म्हणजे 72 वर, खालचा अलार्म आणि 25 टक्के वर, म्हणजे 100 वर, वरचा अलार्म ठेवावा. मूळ दाब सूर्य उगवण्यापूर्वी भरावा, कारण उन्हातल्या बाजूचे टायर सावलीतल्यांपेक्षा सहज काही पीएसआय जास्त दाखवतात आणि तो फरक पाहून माणूस उगाच हवा कमी-जास्त करत बसतो. वाटेत थांबून गरम टायरमधली हवा तर कधीही सोडू नये. रात्री तोच टायर कमी हवेवर येतो आणि सकाळी तसाच धावतो.

आता गायब होणाऱ्या आकड्यांकडे वळू. बरेच सेन्सर बॅटरी वाचवण्यासाठी काही मिनिटांनी एकदाच संदेश पाठवतात आणि हवा वेगाने जाऊ लागली तरच लगेच पाठवतात; त्यामुळे गाडी सुरू केल्यावर थोडा वेळ आकडे न दिसणे हा बिघाड नव्हे. चालत्या प्रवासात ते जात असतील, तर मागचा एक सेन्सर पुढच्या चाकावर आणि पुढचा मागे लावून पाहावा. आकडा सेन्सरबरोबर गेला, म्हणजे तो सेन्सर कोठेही लावला तरी हरवू लागला, तर त्याची बॅटरी बदलावी. जागा तीच राहिली, तर दोष अंतराचा किंवा अडथळ्याचा आहे. मग डॅशकॅम आणि मोबाइलचा चार्जर सॉकेटमधून काढून थोडे अंतर जावे. स्वस्त चार्जर रेडिओ लहरींमध्ये किती गोंगाट करतात, हे पाहून आश्चर्य वाटते. तेवढ्याने भागले नाही तर ट्रेलरच्या पुढच्या भागात, धातूच्या पेटीत न कोंडता, बारा व्होल्टवर चालणारा रिपीटर, म्हणजे सेन्सरचे संदेश पकडून पुढे पाठवणारे उपकरण, बसवावा. लांब ट्रेलरला तो जवळजवळ लागतोच, आणि माझ्या मते तो नसलेला संच ट्रेलरसाठी घेऊच नये.

याहून मला जास्त चिंता व्हॉल्व्हची वाटते. जुन्या ट्रेलरला बहुधा रबरी व्हॉल्व्ह असतात आणि त्यांतले साधे 65 पीएसआयपर्यंतचेच असतात. त्यावर सेन्सरचे वजन आले की चाक फिरताना व्हॉल्व्ह बाहेरच्या बाजूला ओढला जातो आणि त्याच्या बुडाशी रबर चिरते. साबणाचे पाणी बुडाशी लावून व्हॉल्व्ह बोटाने हळूच चारही बाजूंना वाकवून पाहा. एखाद्या बाजूला वाकवताच बारीक बुडबुडे आले, तर गळती टायरची नसून तेथली आहे. टायरच्या दुकानातून पितळी, नटाने आवळायचे व्हॉल्व्ह बसवून घ्यावेत. सेन्सर न काढता हवा भरू देणारे जे प्रकार मिळतात, ते लांब आणि जड असल्यामुळे त्यांना तर धातूचाच व्हॉल्व्ह हवा.

तरीही संच बदलायचाच असेल, तर बॅटरी घरी बदलता येते का, आणि प्रत्येक ॲक्सलला वेगळा दाब ठरवता येतो का, हे पाहावे. पडद्याच्या रंगसंगतीला मी फारसे महत्त्व देत नाही. ट्रेलर ओढणाऱ्या पिकअपच्या मूळ यंत्रणेवर विसंबू नये. फायरस्टोन टायर निकामी होऊन झालेल्या जीवघेण्या अपघातांच्या प्रकरणानंतर अमेरिकेत 2000 साली कायदा झाला आणि सप्टेंबर 2007 पासून हलक्या नव्या गाड्यांना ही यंत्रणा सक्तीची झाली, पण ट्रेलर त्या नियमात येत नाहीत. शिवाय तो नियम 25 टक्के हवा गेल्यावर इशारा मागतो. आपल्या टायरच्या बाबतीत तो आकडा 60 पीएसआय होतो, आणि भरलेल्या ट्रेलरसाठी तोवर फार उशीर झालेला असतो. पुढे कधी मोटरहोम घेतलेत, तर मागच्या जोडचाकांतील आतल्या चाकाला सेन्सर आवर्जून लावावा, कारण त्यातली हवा गेली की सगळा भार शेजारच्या टायरवर जातो आणि चालकाला बराच वेळ काही कळत नाही.

टोपीच्या सेन्सरचे तापमानाचे आकडे मात्र शब्दशः घेऊ नयेत, कारण तो वाऱ्यात असतो आणि टायरच्या आतल्यापेक्षा कमी तापमान दाखवतो. चारांपैकी एकच चाक सतत बरेच गरम दिसत असेल, तर थांबून ब्रेक आणि बेअरिंग तपासावे. टायरचे थर आतून सुटू लागले असतील, तर दाब शेवटपर्यंत व्यवस्थित दिसू शकतो, म्हणून ट्रेड, म्हणजे टायरचा रस्त्याला टेकणारा नक्षीदार भाग, हाताने चाचपून फुगवटा पाहावा. ट्रेलर जुना आहे, तेव्हा टायरच्या बाजूवरील ‘DOT’ (डीओटी) अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार अंकही आजच वाचा: पहिले दोन आठवडा सांगतात, नंतरचे दोन वर्ष. टायर सहा वर्षांपेक्षा जुने निघाले, तर सेन्सरसाठी बाजूला ठेवलेले पैसे आधी टायरांवर घालावेत.