सगळे वाचून होत नाही, म्हणून एम.ए. सोडू का?

एम.ए.चे वर्ग सुरू होऊन दीड-दोन महिने झाले, म्हणजे साधारणपणे गणपती जवळ आले, की माझ्याकडे समुपदेशनासाठी एकाच प्रश्नाने हैराण झालेले विद्यार्थी येऊ लागतात. नेमून दिलेले वाचून होत नाही, वर्गात बाकीच्यांना सगळे कळते आणि मलाच काही कळत नाही, तेव्हा वेळीच सोडून दिलेले बरे नाही का, असा तो प्रश्न असतो. त्यांपैकी एका मुलीची हकिगत तिच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून इथे मांडत आहे. आपण तिला मंजिरी म्हणू.

मंजिरीचे घर बडोद्याच्या दांडिया बाजारात, चार पिढ्यांपासूनचे. घरात मराठी, शाळा आणि बी.ए. गुजराती माध्यमातून, आणि आता महाराजा सयाजीराव विद्यापीठात समाजशास्त्राचे एम.ए., जिथे शिकवण्याचे माध्यम इंग्रजी. बी.ए.ला तिला पहिला वर्ग होता. पहिल्या भेटीला आई बरोबर आली होती आणि तीच आधी बोलली. "ताई, ही रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाचते आणि सकाळी उठून रडते. आम्ही तिला काहीसुद्धा म्हणत नाही हो." त्यावर मंजिरी खाली बघत म्हणाली, "तू नाही म्हणत. बाबा म्हणतात."

बाबा म्हणत होते ते असे, की डॉ. आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये थेट न्यूयॉर्कला गेले आणि १९१५ मध्ये कोलंबिया विद्यापीठाचे एम.ए. झाले, तुला तर घरापासून रिक्षाने जायचे आहे. शिक्षणाचा विषय निघाला की सयाजीरावांच्या काळाचा दाखला देण्याची आम्हा बडोदेकर मराठी मंडळींना सवय आहे, आणि दाखला खराही असतो. परंतु आधीच खचलेल्या मुलीला थोरांचे उदाहरण दिल्याने तिला बळ मिळते, असे मी अजून एकदाही पाहिलेले नाही.

झोप, भूक, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत मन लागते का आणि जगणे नकोसे वाटते का, हे मी प्रत्येकालाच पहिल्या भेटीत स्पष्ट शब्दांत विचारते. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली असेल तर अभ्यासाची चर्चा बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते, आणि १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी मदत क्रमांक लिहून देते. मंजिरीची झोप मोडली होती, पण मैत्रिणी, गरबा, आजीशी गप्पा हे सगळे जागेवर होते. म्हणून मी तिला पुढच्या वेळी मनाविषयी काही सांगण्यापेक्षा आपली वही आणि त्या आठवड्याची वाचनयादी घेऊन यायला सांगितले.

वही पाहिली आणि अर्धे उत्तर तिथेच मिळाले. उतारेच्या उतारे सुंदर अक्षरात उतरवलेले, प्रत्येक ओळीवर पेन्सिलीने अवघड शब्दांचे अर्थ. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांच्या पुस्तकातल्या एका प्रकरणाला तिला नऊ दिवस लागले होते. तासाला पाच पाने, हा तिचा वेग. मग आम्ही दोघींनी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. एका सत्राचे २० क्रेडिट आणि एका क्रेडिटमागे वर्ग धरून ३० तासांचा अभ्यास अपेक्षित, म्हणजे ६०० तास. सत्र पंधरा-सोळा आठवड्यांचे धरले तर आठवड्याला सुमारे ४० तास. त्यांतले २० तिच्या वेळापत्रकाप्रमाणे वर्गातच जात होते. उरलेल्या २० तासांत, लेखी काम अजिबात नाही असे समजले तरी, तिच्या वेगाने १०० पाने होतात, आणि यादी होती अडीचशे पानांची. ती बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे हे कुणाचंच होत नसणार."

काही जणांचे होतही असेल. इंग्रजी माध्यमातून आलेल्यांचा वेग अधिक असतो आणि ती तफावत नाकारण्यात अर्थ नाही. परंतु माझा अनुभव असा आहे, की एम.ए.च्या पहिल्या सत्रात सर्वांत जास्त त्रास बी.ए.ला चांगले गुण मिळवणाऱ्यांनाच होतो, कारण ज्या सवयींनी ते गुण मिळाले त्याच आता आड येतात. बी.ए.ला नेमलेले सगळे वाचायचे, उतरवायचे, पाठ करायचे आणि परीक्षेत तसेच लिहायचे. इथे काय वाचायचे नाही हे ठरवावे लागते, आणि प्रामाणिक विद्यार्थ्याला ते कामचुकारपणासारखे वाटते.

आम्ही ठरवलेली पद्धत अशी होती. लेख उघडण्यापूर्वी एक प्रश्न मराठीत लिहायचा. मग सुरुवात, शेवट, उपशीर्षके आणि प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य एवढेच अर्ध्या-पाऊण तासात पाहून, त्या प्रश्नाशी भिडणारी सहा-आठ पानेच सावकाश वाचायची. शब्द तीनदा आला तरच शब्दकोश उघडायचा. नंतर पुस्तक मिटून, ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत दहा ओळी लिहायच्या आणि वर लेखक, वर्ष व पृष्ठक्रमांक नोंदवायचा. पहिले दोन आठवडे तिला हे चोरी केल्यासारखे वाटले आणि तिसऱ्या आठवड्यात तिने गुपचूप पुन्हा एक अख्खे प्रकरण उतरवून काढले. सवय अशीच सुटते, त्यात रागावण्यासारखे काही नव्हते.

तिच्या उपयोगी खरी पडली ती संज्ञांची वेगळी वही. एका रकान्यात इंग्रजी संज्ञा, दुसऱ्यात लेखकाला अभिप्रेत अर्थ आणि तिसऱ्यात आपल्या घरातले किंवा गल्लीतले उदाहरण. श्रीनिवासांनी कर्नाटकातील कूर्गच्या समाजाचा अभ्यास करून 'संस्कृतीकरण' ही संकल्पना मांडली, तो अभ्यास १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. खालची किंवा मधली जात वरच्या जातीचे विधी, आहार आणि राहणी उचलून प्रतिष्ठेचा दावा सांगते, असा तिचा ढोबळ अर्थ. मंजिरी ज्या विभागात बसत होती तो विभाग याच श्रीनिवासांनी १९५०च्या दशकाच्या आरंभी उभा केला, हे मी सांगितल्यावर तिला गंमत वाटली. तिसऱ्या रकान्यात मात्र ती अडली. तिच्या पणजोबांनी संस्थानात नोकरी लागल्यावर पेहराव, जेवणाची रीत आणि लग्नातले मानपान बदलले होते, पण ते ब्राह्मणांसारखे नव्हे, राजवाड्याशी संबंधित घराण्यांसारखे. "मग याला संस्कृतीकरण म्हणायचं की नाही?"

हाच प्रश्न लिहून प्राध्यापकांकडे जा, असे मी सुचवले. वर्गात विचारण्याची तिची तयारी नव्हती, म्हणून वर्ग संपल्यावर त्यांच्या खोलीत. "सर, मला हे कळत नाही" असे म्हटले तर समोरच्यालाही उत्तर कुठून सुरू करावे ते कळत नाही. "इथपर्यंत कळले, इथे अडले" असे म्हटले की बोलणे सुरू होते. प्राध्यापकांनी तिला सांगितले, की श्रीनिवासांनी स्वतःच पुढे ही कल्पना रुंद केली आणि ब्राह्मणांखेरीज इतर द्विज जाती व गावातील प्रभुत्वशाली जात यांचेही अनुकरण त्यात धरले. आणि तिचे उदाहरण पुढच्या तासाला त्यांनी वर्गात मांडायला लावले.

त्याच सुमारास मी तिला वर्गात कोण किती बोलते याची नोंद ठेवायला सांगितली होती. दोन आठवड्यांत तिसेक जणांपैकी पाचच जण बोलत होते, आणि त्यांतले दोघे बहुतेक वेळा प्रश्नच विचारत होते. गप्प बसणाऱ्यांपैकी दोघींबरोबर तिने वाचन वाटून घेतले. विद्यापीठाच्या हंसा मेहता ग्रंथालयात आठवड्यातून एकदा बसून प्रत्येकीने आपला लेख उरलेल्या दोघींना गुजरातीतून समजावायचा, असे त्यांचे ठरले.

लेखी कामाबाबत एक सावधगिरी सर्वांनाच सांगावीशी वाटते. मंजिरीने पहिल्या निबंधात पुस्तकातली वाक्ये जशीच्या तशी घेतली होती. फसवण्याचा हेतू नव्हता, आपले इंग्रजी त्या वाक्यांपुढे कच्चे वाटले एवढेच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांप्रमाणे प्रबंधात दहा टक्क्यांपेक्षा अधिक साम्य आढळल्यास ते वाङ्मयचौर्यात मोडते; वर्गातले निबंध त्या नियमांत येत नसले, तरी सवय आतापासूनच लागलेली बरी. उतरवलेल्या वाक्याला वहीतच अवतरणचिन्हे घातली तर महिन्याभराने ते कुणाचे होते याचा घोळ होत नाही. स्वतःचे मोडके वाक्य सुधारता येते, उसने घेतलेले सुधारण्याचा प्रश्नच येत नाही.

बाबांना मी एकदाच बोलावले. मुलगी प्राध्यापक व्हावी ही त्यांची इच्छा, आणि त्यासाठीच्या 'नेट' या पात्रता परीक्षेला एम.ए.चे ५५ टक्के लागतात एवढे त्यांना ठाऊक होते. ती अट खुल्या वर्गासाठी आहे, राखीव प्रवर्गांना ५० टक्के चालतात, आणि ती संपूर्ण एम.ए.ला लागू आहे, एका सत्राला नाही, हे कळल्यावर ते बरेच सैलावले. न्यूयॉर्कचा दाखला त्यांनी त्यानंतर दिला नाही, असे मंजिरी सांगते.

सोडू का, या प्रश्नाला मी सरसकट 'नको' म्हणत नाही. निवडून वाचलेली सहा पानेसुद्धा कंटाळवाणी वाटत असतील, विषयच आपला वाटत नसेल, तर दोन वर्षे रेटण्यापेक्षा सोडणे अधिक प्रामाणिकपणाचे आहे. मात्र तो निर्णय पहिल्या सत्राचा निकाल हातात येईपर्यंत घेऊ नये, अशी अट मी घालते. मंजिरीला पहिल्या सत्रात एका विषयात बेताचे गुण मिळाले आणि बाकीच्यांत बरे.

फेब्रुवारीतली ठरलेली भेट तिने फोन करून पुढे ढकलली. परिसंवादाच्या निबंधासाठी गल्लीतल्या एका वृद्ध काकूंची मुलाखत घ्यायची होती आणि काकूंना दुपारी चारचीच वेळ सोयीची होती. प्रश्नांची यादी मराठीत केली आहे, इंग्रजी नंतर बघू, असे ती म्हणाली.