ड्रायव्हरला मारलं कोणी? (वाचकांचे प्रश्न)

मागच्या अंकात मी पावसाळ्यात वाचायला म्हणून रेमंड चँडलरची 'द बिग स्लीप' सुचवली होती. १९३९ ची, लॉस एंजेलिसमधल्या फिलिप मार्लो या प्रायव्हेट डिटेक्टिव्हची पहिली कादंबरी. निम्मे लोक खूश आहेत, निम्मे माझ्यावर उखडलेत, आणि एका बाईंनी तर पुस्तकाचे पैसे मागितलेत (मिळणार नाहीत). ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी एवढंच, की जनरल स्टर्नवूड नावाचा व्हीलचेअरवरचा गडगंज म्हातारा, त्याच्या वाया गेलेल्या दोन मुली, धाकटीवरून कोणीतरी ब्लॅकमेल करतंय आणि ते निस्तरायला तो मार्लोला बोलावतो. खुनी कोण ते सांगणार नाही, पण बाकी बरंच फुटणार आहे.

प्रश्न : ताई, मी रहस्यकथा वही घेऊन वाचतो, कोण कुठे कधी होतं सगळं टिपून ठेवतो. स्टर्नवूडांचा ड्रायव्हर ओवेन टेलर गाडीसकट समुद्रात सापडतो, त्याला कोणी मारलं हे शेवटपर्यंत कळत नाही. दोनदा वाचली. माझं काही चुकतंय का? (निवृत्त बँक कर्मचारी, सांगली)

उत्तर : काका, वही बंद करा, तुमचं काहीच चुकलेलं नाहीये. पुस्तकात एवढंच मिळतं की ब्रोडी नावाचा एक भुरटा कबूल करतो की त्याने ड्रायव्हरच्या डोक्यात हाणलं आणि त्याच्याकडची धाकटीच्या फोटोची निगेटिव्ह काढून घेतली, पण ठार मारलं असं काही तो म्हणत नाही, मग ड्रायव्हर स्वतःच गाडी घेऊन पाण्यात गेला का त्याला कोणी ढकललं, पोलिसांचंही त्यावर एकमत नाही आणि नंतर तो विषयच कोणी काढत नाही. आणि तुमच्याआधी हे दुसऱ्या कोणाला नाही, चक्क हॉलिवूडचा दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स याला खटकलं होतं. त्याने यावर सिनेमा केला, १९४६ ला आला तो, त्याच्या शूटिंगच्या वेळी त्याचा आणि मार्लोचं काम करणाऱ्या हम्फ्री बोगार्टचा वाद झाला की हा खून का आत्महत्या, शेवटी लेखकालाच तार केली. चँडलरने पुढे एका पत्रात स्वतःच लिहून ठेवलंय की तार आली खरी, पण मलाही माहीत नव्हतं!

आता यावर चाहते म्हणतात बघा किती मोठा लेखक, त्याला कोड्याची पर्वाच नव्हती. मला हे पटत नाही. डिटेक्टिव्ह कादंबरीत प्रेत ठेवलंत तर त्याचा हिशोब द्यायला नको? माझ्या मते ती चूकच आहे, फक्त ती कुठून आली ते पुढच्या पत्राच्या उत्तरात बघा.

प्रश्न : अर्ध्यातच केस सुटते की! ब्लॅकमेलवाला गेला, त्याला मारणारा कळला, तरी हा मार्लो उरलेलं पुस्तकभर फिरतोच आहे, मला वाटलं माझ्या कॉपीत दुसरंच पुस्तक बाइंड झालंय. (पुणे)

उत्तर : जवळजवळ तसंच आहे! चँडलर आधी तेल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता, १९३२ मध्ये नोकरी गेली, वय चव्वेचाळीस, मग पोटासाठी 'ब्लॅक मास्क' सारख्या स्वस्त मासिकांत कथा लिहायला लागला, पहिली १९३३ ची. कादंबरी लिहायला बसला तेव्हा त्याने आपल्याच जुन्या कथा उसवल्या, मुख्यतः दोन, एक १९३५ ची आणि एक १९३६ ची, आणि त्यांची गोधडी शिवली. एका कथेत ब्लॅकमेल, दुसरीत हरवलेला माणूस. तुम्हाला जिथे पुस्तक संपलं असं वाटलं ना, तीच शिवण. काकांचा ड्रायव्हर पण पहिल्या कापडातला, दुसरं कापड जोडताना तो तिथेच राहून गेला असं मला वाटतं.

पण शिवण लपवायला त्याने जे केलंय ते मात्र मला फार आवडतं. मार्लोला पाचशे डॉलरचा चेक मिळतो, काम संपलं म्हणून सांगतात, तरी थोरल्या मुलीचा बेपत्ता नवरा रस्टी रीगन याच्याबद्दल तो विचारत राहतो, कारण म्हाताऱ्याचा त्या जावयावर जीव होता हे त्याने पहिल्याच भेटीत ओळखलेलं असतं. पैसे कोणी देत नाहीये, उलट सगळे सांगतायत सोड. (नंतर जनरल स्वतःच हजार डॉलर देऊ करतो, पण ते नंतर.) दिवसाला पंचवीस डॉलर आणि वरखर्च एवढीच ज्याची कमाई, तो माणूस फुकट का फिरतोय, मला हे कोडं खुनापेक्षा भारी वाटलं.

प्रश्न : आम्ही गिरगावात बाबूराव अर्नाळकर वाचून मोठे झालो. झुंजारने हे प्रकरण एका रात्रीत निकालात काढलं असतं. तुमचा हिरो सारखा दारू पितो आणि मार खातो. (आजोबा, मुंबई)

उत्तर : आजोबा, मान्य! झुंजार मार खात नाही आणि मार्लो पुस्तकागणिक खातो. पण खानदान तेच हो, लायब्ररीतून रोज एक नेऊन संपवायची पुस्तकं आणि तिकडची ती स्वस्त मासिकं. चँडलरनेच गमतीत लिहिलंय की या कथांत अडलं की हातात बंदूक घेतलेला माणूस दारातून आत आणायचा. हे वाक्य वाचून परत 'द बिग स्लीप' बघा, दारातून किती जण येतात मोजा.

प्रश्न : मला राग आला. बायका एकतर वेड्या नाहीतर गळ्यात पडणाऱ्या, आणि गायगरच्या (तोच तो ब्लॅकमेलवाला) घरातल्या त्या मुलाबद्दल, तो पुरुषावर प्रेम करतो म्हणून, मार्लो किती घाणेरडं बोलतो. त्या काळात असंच असायचं हे उत्तर देऊ नका. (कॉलेजची विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : नाही देत. मलाही ती पानं वाचताना ओशाळायला झालं, आणि पुस्तक सुचवताना मी ते सांगायला हवं होतं, ती माझी चूक. धाकटी कारमेन तर आजारी आहे, तिला उपचार हवेत हे आज कोणालाही दिसेल, पुस्तकात मात्र शेवटाला येईपर्यंत ते कोणी म्हणतच नाही, तोवर ती नुसती अंगठा चघळत खिदळत असते. व्हिव्हियन, म्हणजे थोरली, जरा बरी जमलीये. तुमचा राग ठेवा, पुस्तक फेकू नका एवढंच म्हणेन, आणि फेकलंत तरी मी भांडणार नाही.

प्रश्न : प्रत्येक वाक्यात उपमा का? (कोल्हापूर)

उत्तर : सवय. थोड्या कमी चालल्या असत्या.

प्रश्न : चाळीस पानं झाली, काही कळत नाहीये, पुढे वाचू का सोडू? (ठाणे)

उत्तर : कथानक कळायची वाट बघत असाल तर सोडा, कारण चारशे पानं असती तरी ते नीट कळलं नसतं. त्यापेक्षा मागे जाऊन दुसरं प्रकरण परत वाचा, ते काचेचं घर, ऑर्किडची झाडं, दमट वाफ, त्यात पांघरूण घेऊन बसलेला जनरल, डोक्यावरचे चार पांढरे केस म्हणजे उघड्या खडकावर तग धरलेली रानफुलं (कोल्हापूरकर, ही उपमा मात्र राहू द्या). स्वतःला प्यायची परवानगी नाही म्हणून तो मार्लोला ब्रँडी पाजतो आणि नुसता बघत बसतो. हे वाचून आत काही हललं तर पुढे जा. नाही हललं तर पुस्तक सांगलीच्या काकांना पाठवा, त्यांची कॉपी आतापर्यंत फाटली असेल.