तिसऱ्या गिअरचे दात आणि कलम ५२

प्रश्न: माझ्या १.२ लिटर पेट्रोल गाडीत गॅरेजने २.० लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन बसवलं. मूळ इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) ११० न्यूटन-मीटर, नव्याचा ३२०. गिअरबॉक्स आणि एक्सल जुनेच ठेवले. 'गिअरबॉक्सला मार्जिन असतं, आरटीओचं आम्ही बघतो' असे त्यांचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आहेत. १,८०० किलोमीटरमध्ये तिसऱ्या गिअरचे दात तुटले. आता म्हणतात, तुम्ही क्लच झटक्याने सोडता. उरलेले ६० हजार दिल्याशिवाय गाडीही देत नाहीत. ग्राहक आयोगात जाऊ का?

उत्तर: जा, पण आज नको. तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात 'इंजिन बदलून घेतलं' असं तुम्हाला लिहावं लागेल, आणि तो तुमचाच कबुलीजबाब ठरेल.

मोटार वाहन अधिनियम १९८८, कलम ५२: आरसीवरचा तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सीएनजी, एलपीजी, बॅटरीच्या मान्यताप्राप्त किटना सवलत आहे. जास्त ताकदीच्या इंजिनाला नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. कलम १८२अ (४) प्रमाणे मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. त्याहून जड कलम ५५ (५): इंजिनावर कोरलेला नंबर आरसीशी जुळला नाही, तर तुमचं म्हणणं ऐकून नोंदणी रद्द होऊ शकते. 'आरटीओचं आम्ही बघतो' म्हणणाऱ्याकडे बघण्यासारखं काही नव्हतंच.

यावर एक 'तोडगा' सुचवला जाईल: नव्या इंजिनावरचा नंबर घासून जुना टाकायचा. ऐकूनही घेऊ नका. आज हे बेकायदा बदलाचं प्रकरण आहे, उद्या बनावटीकरणाचं होईल आणि चोरीच्या मालाचा संशय वेगळा.

आता दातांकडे येऊ, कारण तुमची खरी बाजू तिथे आहे. अशा गाडीत पहिल्या गिअरचं प्रमाण (टॉर्क किती पट होतो ते) साधारण ३.५ आणि डिफरन्शियलचं, म्हणजे गिअरबॉक्सकडून दोन्ही चाकांना जोर वाटणाऱ्या भागाचं, ४.१ असतं. गुणाकार १४.३५. पुढच्या चाकांवर ६२० किलो भार, टायरची त्रिज्या २९ सेंटिमीटर आणि कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.९ धरला, तर दोन्ही चाकं मिळून सुमारे १,५८७ न्यूटन-मीटर पेलतात. त्यापुढे टायर जागीच घसरून फिरतात. त्याला १४.३५ ने भागलं की इंजिनाकडून जेमतेम ११० न्यूटन-मीटर. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये इंजिन कितीही मोठं असो, गिअरबॉक्सला टायरच वाचवतो. तिसऱ्याचं प्रमाण १.३ धरा. एकूण ५.३३, आणि टायर घसरायच्या आत जवळजवळ ३०० न्यूटन-मीटर दातांवर येतात. चौथ्यात तर पूर्ण ३२०. ११० च्या इंजिनासाठी घडवलेल्या दातावर पावणेतीन पट भार, तोही सरळ रस्त्यावर, क्लच सावकाश सोडूनही. चाक किलोमीटरला सुमारे ५५० वेळा फिरतं. तिसऱ्या गिअरमध्ये ३०० किलोमीटर झाले असतील, तर चालित (चाकांच्या बाजूच्या) गिअरच्या प्रत्येक दाताने पावणेसात लाखांच्या आसपास वेळा भार घेतला. मार्जिन असतं ते अधूनमधून बसणाऱ्या धक्क्यांसाठी, रोजच्या ओझ्यासाठी नाही.

क्लचच्या झटक्याची खूण बहुधा वेगळी दिसते: पहिल्या किंवा रिव्हर्स गिअरचे दात, एक्सलचा सीव्ही जॉइंट (चाकाजवळचा वळणारा सांधा), डिफरन्शियलची पिन. तिसऱ्या गिअरच्या दाताचा तुटलेला पृष्ठभाग पाहा. मुळाशी गुळगुळीत, शिंपल्यासारख्या वळ्या आणि शेवटी थोडाच दाणेदार भाग असेल, तर तडा हळूहळू वाढत गेला. सगळाच दाणेदार असेल, तर एका फटक्यात तुटला. माझ्या मते तुमची केस याच एका दातावर उभी राहील.

म्हणून गिअरबॉक्स त्यांना एकट्याने उघडू देऊ नका. गॅरेजला आधी नोटीस पाठवा आणि तीत लिहा: तुमच्या आणि परवानाधारक मोटार सर्व्हेअरच्या समोर, व्हिडिओ करत उघडायचा, तुटलेले तुकडे सीलबंद ठेवायचे, गिअर ऑइल स्वच्छ बाटलीत काढायचं. उघडून भंगारात टाकला असेल, तर तसं लेखी मागा. त्याचाही उपयोग होतो. व्हॉट्सअ‍ॅपचं संभाषण पूर्ण एक्स्पोर्ट करा, फोन बदलू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३, कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र त्याला जोडावं लागेल.

त्याच नोटिशीत मूळ इंजिन परत मागा, नंबरसकट. ते मिळालं, तर पुन्हा बसवा. आरसी आणि गाडी जुळते. त्यांनी विकलं असेल, तर त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन बिलासह घ्या, आधी नोंदणी प्राधिकाऱ्याकडे अर्ज करा आणि बदललेला नंबर आरसीवर चढवून घ्या. गाडीवर कर्ज असेल, तर बँकेची लेखी संमतीही घ्या. जास्त दणकट गिअरबॉक्स टाकून २.० लिटर ठेवायचा मोह होईल. यंत्र टिकेल, कलम ५२ तिथेच राहील.

साठ हजारांचं काय? करार अधिनियम, कलम १७० प्रमाणे कारागिराला मजुरीसाठी वस्तू अडवता येते, पण काम ठरल्याप्रमाणे झालं असेल तर. इथे तोच वाद आहे. गाडी तातडीने हवी असेल, तर 'हक्क राखून, निषेधासह' असं लिहून बँकेतून रक्कम भरा, किंवा तक्रारीसोबत ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९, कलम ३८ (८) खाली अंतरिम आदेश मागा. गाडी मिळाली की टो करूनच न्या.

तक्रार जिल्हा आयोगात करायची, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही चालते आणि दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मागायचं काय ते नीट ठरवा. घेतलेली मजुरी परत, गिअरबॉक्सचा खर्च, मूळ इंजिन बसवण्याचा खर्च, इतकंच. 'बदललेली गाडी कायदेशीर करून द्या' असं मागू नका. बेकायदा उद्देशाचा करार करार अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणे निरर्थक, आणि समोरचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवेल. त्यावर तुमचं उत्तर त्यांचे मेसेज: परवानगीची आणि मजबुतीची हमी जाणकार म्हणून त्यांनी दिली होती. तरीही आयोग थोडा दोष तुमच्यावर टाकेल, हे धरून चाला.

त्या १,८०० किलोमीटरमध्ये कुणाला धक्का लागला असेल, तर तो तपशील आधी मला कळवा. पॉलिसीत हे इंजिन नाही. तिऱ्हाइताची भरपाई विमा कंपनीला द्यावी लागली तरी ती तुमच्याकडून वसूल करायला ती पुढे येऊ शकते, आणि तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा बहुधा फेटाळला जाईल.